आम्ही त्याला सांभाळून घेतलं



या अंकासाठी "व्यसन" या विषयावर काहीतरी लिही, असं मराठी विभागाच्या संपादकांनी मला सांगितलं तेव्हा मी एका रात्रीत दोन पानं लिहून काढली. पहिलं वाक्य होतं, "व्यसन ही तरुण पिढीला लागलेली कीड आहे." दुसऱ्या दिवशी वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मुलगा. आजपर्यंत मराठीत फक्त मार्कांसाठी निबंध लिहिले. "कीड", "विळखा", "भस्मासुर" हे सगळे शब्द त्या निबंधांतलेच. खरी गोष्ट तर माझ्या शेजारच्या कॉटवर झोपलेली होती, आणि मी मात्र "तरुण पिढी"बद्दल लिहीत बसलो होतो!

म्हणून ती पानं फाडली. आता जे घडलं तेच सांगतो. माझ्या रूम पार्टनरचं नाव लिहीत नाही. नाव सोडून बाकी सगळं लिहायला त्याने परवानगी दिली आहे.

पार्टनर अंबड तालुक्यातला. घरी मोसंबीची बाग. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून गेल्या, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या वर्षी त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, टँकरचं पाणी विकत घेऊन थोडी झाडं जगवली. त्याच झाडांची मोसंबी तो सुट्टीवरून येताना पोतं भरून आणायचा आणि आख्खी विंग ती दोन दिवसांत फस्त करायची. फर्स्ट इयरला सकाळी सहाला आम्हाला उठवणारा तोच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला, गणितात हुशार, पण लेक्चर इंग्रजीतून सुरू झालं की गप्प. रात्री मला विचायचा, "याचा अर्थ काय रे?" मी सांगायचो, आणि तो मला मराठी म्हणी शिकवायचा. आमचा असा देवाणघेवाणीचा व्यवहार होता.

सेकंड इयरला एम-थ्री राहिला. केटी लागणं ही आपल्याकडे काही मोठी बातमी नाही. पण घरात इंजिनिअरिंगला आलेला तो पहिलाच. त्याची झोप उडाली. रात्रभर कुशी बदलायचा आणि सकाळी लेक्चरला डोळे लाल. एका सिनिअरने त्याला अर्धी गोळी दिली. "घे, मस्त झोप लागते. डॉक्टरच देतात की ही!"

आणि ते खोटं नव्हतं. खरी अडचण तिथेच आहे. ड्रग्ज म्हटलं की आपल्याला पिक्चरमधली पांढरी पावडर आठवते. ही मात्र मेडिकलमध्ये मिळणारी, चंदेरी पाकिटातली साधी झोपेची गोळी. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम अशी यांची नावं. छत्रपती संभाजीनगरकडे यांना "बटन" म्हणतात, मालेगावकडे "कुत्ता गोळी". २०१९ मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून केलेल्या देशभराच्या पाहणीचा अहवाल आला. त्यात झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचा वापर करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी १८ लाख सांगितली आहे. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसलं की पार्टनर झोपू लागला. बरं वाटलं!

अर्ध्याची एक झाली. महिन्याभरात एकीने काम भागेना, तीन झाल्या. मग दिवसाही एक. मग शनिवारी कुणाच्या तरी संगतीत खोकल्याचं औषध, कोडीन असलेलं. आम्ही रूममध्ये हसायचो, "बटन दाबलं का रे?" आज तो विनोद आठवला की अंगावर काटा येतो.

आता आमच्याबद्दल सांगतो, कारण हा लेख खरं तर आमच्याबद्दलच आहे.

तो उठेना, तर आम्ही त्याची प्रॉक्सी लावली. सबमिशन आलं तर जर्नल लिहून दिलं. मेसचं बिल थकलं तर वर्गणी काढून भरलं. अण्णांचा फोन आला आणि तो गुंगीत पडलेला असला तर मी फोन उचलायचो. "अण्णा, तो लायब्ररीत आहे." अण्णा म्हणायचे, "बरं बरं, करू दे अभ्यास. जेवतो ना येळेवर?" मी म्हणायचो, "हो अण्णा." हे चार महिने चाललं. आम्हाला वाटायचं, आपण दोस्ती निभावतोय. मित्राला सांभाळून घेतोय.

एक गोष्ट तर मी आजवर फक्त दोघांना सांगितली होती. एका रात्री त्याच्याकडच्या गोळ्या संपल्या. तो घामाघूम, हात थरथरत होते. त्याचे हाल बघवेनात म्हणून मीच सायकल काढली आणि एका दुकानातून चिठ्ठीशिवाय पूर्ण पाकीट आणलं. या गोळ्या आणि कोडीन १ मार्च २०१४ पासून एच-वन या यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या द्यायच्या नाहीत. दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहायचं आणि ती वही ३ वर्षं जपायची, असा नियम आहे. त्या दिवशी वही निघाली नाही. मीही विचारलं नाही. पाकीट घेऊन येताना मला आपण फार चांगलं काम करतोय असं वाटत होतं!

पुढे परीक्षा जवळ आली तेव्हा आम्हा दोघा पार्टनरना अक्कल सुचली. म्हणजे तसं वाटलं. ठरवलं की आता याचं हे सगळं आपणच सोडवायचं. सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या, त्याचं पैशाचं पाकीट काढून घेतलं आणि रूमला आतून कडी. "दोन दिवस दम काढ. मर्द आहेस ना? विल पॉवर पाहिजे." हे माझेच शब्द.

पहिल्या रात्री तो झोपला नाही. दुसऱ्या दिवशी हात एवढे थरथरत होते की चहाचा ग्लास धरता येईना. उजेड नको म्हणायचा, आवाज नको म्हणायचा. तिसऱ्या दिवशी पहाटे कसलातरी आवाज झाला म्हणून जागा झालो, तर तो जमिनीवर. डोळे वर गेलेले, जबडा घट्ट, सगळं अंग झटके देतंय. कुणी कांदा आणायला धावला, कुणी चप्पल नाकाला लावा म्हणाला. मी मेसचा चमचा घेऊन त्याच्या दातांत घालायला बघत होतो. तेवढ्यात रेक्टर सर आले. ज्यांना आम्ही चार महिने घाबरून लपवालपवी केली, तेच! त्यांनी माझ्या हातातला चमचा फेकून दिला, त्याला एका कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा टॉवेल ठेवला आणि म्हणाले, "लांब व्हा सगळे. हवा येऊ द्या." फिट थांबल्यावर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय घेत होता? किती? किती दिवसांपासून? शेवटची गोळी कधी?"

आम्ही सगळे खाली बघत उभे. सवयच लागली होती ना. एक जण तर म्हणाला, "काही नाही सर, अभ्यासाचं टेन्शन." डॉक्टर म्हणाले, "बाळांनो, मी पोलीस नाही. तुम्ही आत्ता खोटं बोललात तर मी चुकीचं औषध देईन आणि भोगायचं याला." मग मी सांगितलं. नाव, संख्या, खोकल्याचं औषध, आम्ही लावलेली कडी, आणि मी आणलेलं पाकीटसुद्धा. चार महिन्यांत पहिल्यांदा खरं बोललो होतो.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बसवून जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण आपण इंजिनिअर लोक.

गावाकडे घरी स्टॅबिलायझर असतो. बाहेरून व्होल्टेज जास्त आलं की तो ते कमी करतो, कमी आलं की वाढवतो. आपला मेंदूही असाच स्वतःला जुळवून घेतो. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. ही गोळी त्या ब्रेकवर जास्तीचा दाब देते, म्हणून शांत वाटतं, झोप लागते. पण रोजच बाहेरून दाब येतोय म्हटल्यावर मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करत जातो. म्हणूनच अर्धीने काम भागत नाही, तीन लागतात. आणि एक दिवस तुम्ही गोळी एकदम काढून घेता. बाहेरचा दाब गेला आणि आतला ब्रेक तर आधीच ढिला! गाडी सुसाट. थरथर, घाम, भीती, झोप नाही आणि शेवटी फिट. त्यात माणूस दगावूही शकतो. दारूचं फार दिवसांचं व्यसन एकदम तोडलं तरी असंच होऊ शकतं. म्हणून ही सवय घरी कडी लावून मोडायची नसते. डॉक्टर डोस हळूहळू, काही आठवडे लावून खाली आणतात.

दुसरं त्यांनी सांगितलं ते त्याहून भयंकर. कोडीन शरीरात गेल्यावर लिव्हर त्यातल्या काही भागाचं मॉर्फीन बनवतं. ते आणि ही गोळी, किंवा गोळी आणि दारू, एकत्र घेतली की दोन्ही मिळून श्वासाची गती कमी करतात. माणूस झोपतो आणि झोपेतच श्वास थांबतो. शेजारच्याला वाटतं, मस्त घोरतोय. त्या शनिवारच्या रात्री आम्ही त्याच्या अंगावर पांघरूण घालून लाइट बंद करायचो. एवढंच लिहितो.

दुपारी अण्णा आले. रुमाल डोक्यावरून काढून हातात घेतलेला. ते लेकाजवळ बसले, त्याच्या केसांतून हात फिरवला. मला वाटलं, आता आपल्याला शिव्या पडणार. ते बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "बाबा, म्या रोज फोन करू राहिलो होतो. तू लायब्ररी लायब्ररी म्हणला. एकदा तरी खरं सांगायचं ना रे. म्या काय मारलं असतं का त्याला?"

मी इंग्लिश मीडियमचा, डिबेटमध्ये बक्षिसं घेतलेला. उत्तर देता आलं नाही.

त्या दिवसांत सरांनी मला लायब्ररीतून एक पुस्तक काढून दिलं. अनिल अवचटांचं "मुक्तांगणची गोष्ट". पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं हे माझं पहिलं मराठी पुस्तक. १९८० नंतरच्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली आणि चांगल्या घरातली पोरं तिच्यात अडकू लागली. अवचटांनी त्यावर लेख लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात "मुक्तांगण" हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. १९९७ मध्ये अनिताताई कॅन्सरने गेल्या, २०२२ मध्ये अवचटही गेले. पण काम थांबलेलं नाही. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते पुढे नेत आहेत.

मला त्यातल्या दोन गोष्टी फार लागल्या. पहिली म्हणजे तिथे येणाऱ्याला "बेवडा", "गर्दुल्ला" म्हणत नाहीत. "रुग्णमित्र" म्हणतात. तिथे काम करणारे कितीतरी जण स्वतः एकेकाळी व्यसनात होते. म्हणजे हा आजार आहे, यातून बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलेला माणूस दुसऱ्याला हात देऊ शकतो. आम्ही मात्र याला "मर्द आहेस ना" म्हणत होतो. मलेरिया झालेल्याला आपण "विल पॉवर ठेव" म्हणतो का?

दुसरी गोष्ट म्हणजे तिथे उपचार एकट्या रुग्णाचे होत नाहीत. घरच्यांचेही होतात. रुग्णांच्या बायकांसाठी "सहचरी" नावाचा गट आहे. आधी मला कळेना, यांना कशाला? मग आपल्या रूमकडे बघितलं आणि कळलं. व्यसनात पडलेल्या माणसाभोवती प्रेमाची माणसं असतात. ती त्याचं कर्ज फेडतात, साहेबाला "ताप आलाय" म्हणून कळवतात, सांडलेलं पुसतात. त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यामुळे व्यसनाचा धक्का त्याला बसतच नाही, तो धक्का आपण आपल्या अंगावर घेत राहतो. आम्ही प्रॉक्सी लावली नसती तर पंधरा दिवसांत सरांना कळलं असतं. मी "लायब्ररी" म्हटलं नसतं तर अण्णा दुसऱ्या दिवशी एसटीने येऊन पोचले असते. आम्ही पार्टनरला सांभाळलं नाही. आम्ही त्याच्या गोळीला सांभाळलं.

मग वेळेवर आपण का बोलत नाही? मी विचार केला तर दोन कारणं सापडली. एक, "चुगली" हा शब्द. हॉस्टेलमध्ये याच्यासारखी वाईट शिवी नाही. पण तुमच्या मित्राला साप चावला आणि तो "कुणाला सांगू नको" म्हणाला, तर तुम्ही गप्प बसाल का?

दुसरं कारण पोलिसांची आणि रस्टिकेट होण्याची भीती. यातलं एक माहीत करून घ्या. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. ज्याला व्यसन आहे, त्याच्याकडे थोडाच माल सापडला आहे आणि तो आपण होऊन सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार आहे, त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सवलत जाऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू आणि ड्रग्जमुळे होणारे त्रास मानसिक आजारातच धरले आहेत. आणि आमचे सर? त्यांनी पार्टनरला काढून टाकलं नाही. उलट वर्ष वाया जाऊ नये म्हणून स्वतः अर्ज लिहून दिला. आम्हा दोघांना मात्र प्रॉक्सीबद्दल व्यवस्थित झापलं, आणि ते बरोबरच होतं.

कुणाला गरज लागली तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. झोप, टेन्शन, नको ते विचार, यासाठी १४४१६ हा टेलिमानसचा नंबर. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. कुणाला फिट आली किंवा कुणी हलवून उठत नसेल तर १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल शोधत बसू नका. आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. त्याच अहवालात असंही आहे की दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. बाकीच्या ३७ जणांच्या घरी कुणीतरी "लायब्ररीत आहे" म्हणत असणार.

पार्टनर उपचार घेऊन परत आला. पिक्चरसारखा एकदम ठणठणीत नाही. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे एकदा पाय घसरला. पण या वेळी त्याने लपवलं नाही. रात्री साडेअकराला मलाच फोन केला, "घेतली रे." मी शिव्या दिल्या नाहीत आणि "काही होत नाही" असंही म्हटलं नाही. विचारलं, "अण्णांना तू सांगतो का मी सांगू?" तो म्हणाला, "मीच सांगतो." सकाळी दोघं बापलेक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, असं होतं, पुन्हा सुरू करू. एम-थ्री अजून राहिलेलाच आहे. झोपही कधी लागते, कधी नाही. नाही लागली की आम्ही दोघं टेरेसवर फेऱ्या मारतो. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचे दिवे दिसतात. फार बोलत नाही. तो कधी कधी एखादी म्हण शिकवतो.

या लेखाचं शुद्धलेखन त्यानेच तपासलं. माझ्या चुकांची संख्या सांगत नाही! शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं, "आज तो व्यसनातून पूर्णपणे बाहेर पडला आहे." ते त्याने खोडलं. म्हणाला, "परत खोटं बोलू नको माझ्यासाठी. आज घेतली नाही, एवढं लिही."

म्हणून एवढंच लिहितो. आज त्याने घेतली नाही. आणि आज अण्णांचा फोन आला तेव्हा तो खरंच लायब्ररीत होता.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी